बालकांची कलाकल्पना आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी

चित्र कशाला म्हणायचे आणि चांगले चित्र कोणते, याविषयी तीन ते आठ वर्षांच्या मुलाच्या मनात जी समजूत घडते ती त्याची कलाकल्पना. मूल ती घरातल्या मोठ्यांच्या हातांकडून उचलते, हे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरात ठळकपणे दिसते. हाती पाटी-पेन्सिल येण्याआधी इथल्या अनेक मुलांनी उंबऱ्यापुढची ठिपक्यांची रांगोळी, नागपंचमीला गंधाने काढलेला नाग आणि पोळ्याचे मातीचे बैल पाहिलेले असतात. ठिपके मोजून रेघ नीट जुळली की रांगोळी जमली. ती कशासारखी दिसते असे कोणी विचारत नाही. पैठणी किंवा हिमरू विणणाऱ्या घरात नक्षी धागे मोजून उतरते, म्हणून तिथे न चुकता पुन्हा आलेली बुट्टी सुंदर. काही मुस्लिम घरांत भिंतीवर सुलेखनातली आयत असते. त्या मुलासाठी अक्षर हेच पहिले चित्र. मराठीत चित्र, रांगोळी, मेंदी ही सारी ‘काढतात’. भाषेने एकत्र ठेवलेल्या या गोष्टींपैकी शाळेच्या तासाला मात्र पहिलीच कला ठरते.

जगभरची मुले सारखीच चित्रे काढतात, हा यावरचा मोठा आक्षेप. अमेरिकेतील र्‍होडा केलॉग यांनी बालचित्रांचा प्रचंड संग्रह करून १९६९ च्या ग्रंथात तसे मांडले : गिरगोट्या, वर्तुळ, फुली, किरणांचा सूर्य सगळीकडे तेच. गिरगोट्यांपुरते हे मान्य करावे लागते. पण अलेक्झांडर ॲलंड यांनी बाली, पोनपे, तैवान, जपान, फ्रान्स आणि अमेरिका येथील मुलांची चित्रे तुलनेसाठी घेतली, तेव्हा आकारांची मांडणी लहान वयातच संस्कृतीनुसार वेगळी होते असे त्यांना आढळले (१९८३). पुरावा आपल्याकडेही आहे. शाळकरी ‘देखाव्या’त दोन त्रिकोणी डोंगर आणि त्यांमधून उगवणारा सूर्य ठरलेला. संभाजीनगरभोवतीचे डोंगर मात्र बेसाल्टचे, बरेचसे सपाट माथ्याचे. देवगिरीचा सुळका हा अपवाद. मूल खिडकीतला डोंगर सोडून आधी पाहिलेल्या चित्रातला डोंगर काढते.

शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आणि तिसेक किलोमीटरवर वेरूळ असताना त्या कलेचा ठसा मुलांवर का दिसू नये, असाही प्रश्न येतो. लेणी सहलीत एकदा दिसतात, तीही इतिहास म्हणून. रांगोळी रोज डोळ्यांसमोर घडते आणि मुलाचे बोटही तिच्यात पडते. संस्कार करते ती ही रोजची सवय. वारसास्थळाचे अंतर त्यात गौण आहे. म्हणूनच हुबेहूबपणा या एकाच मापाने सगळ्या मुलांचे चित्र तपासणे अन्यायाचे आहे. ठिपक्यांतून नेमकी आकृती बांधणाऱ्या मुलीला माणूस ‘नीट’ काढता आला नाही, तर तिला चित्रकला येत नाही असा शेरा शिक्षकांनी देऊ नये. तिची रांगोळीची वहीही मागून पाहावी.