दादांची बयाज

जालन्याच्या आमच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत दादांची बयाज होती. बयाज म्हणजे आवडलेले शेर, गाणी, नुस्खे उतरवून ठेवण्याची खासगी वही. मैफलीत एकाची बयाज दुसऱ्याच्या हाती जाई आणि तो त्यातले चार शेर आपल्या वहीत लिहून घेई. पुस्तके विकत घेणे परवडत नव्हते, त्या काळात कविता अशीच गावोगाव पोहोचली.

पण ती वही आम्हाला वाचता येत नव्हती. आम्ही घरात दखनी बोललो, शाळेत मराठी शिकलो, मदरशात कुरआनशरीफ नाजरा पढलो. दादांची घसटती उर्दू मात्र उलगडेना. अखेर नव्वदच्या दशकात ती वाचून दाखवली शेजारच्या वृद्ध वकीलसाहेबांनी. वकीलसाहेब हिंदू, पण शिक्षण सारे उर्दूतून झालेले.

यात नवल काहीच नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कोर्टकचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. त्यात मराठीची कुचंबणा झाली, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. पण याच संस्थानात वाढलेल्या सेतुमाधवराव पगडींनी पुढे उर्दू कविता मराठी वाचकांच्या घरी नेली, हेही विसरता येत नाही.

बयाजच्या पहिल्याच पानावर सिराज औरंगाबादी निघाले. अठराव्या शतकातला हा सूफी कवी आपल्या शेजारचा. जालना तर १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. त्यांची गझल आज कव्वाल गातात, पाकिस्तानच्या आबिदा परवीन गातात. जग ज्याला डोक्यावर घेते, त्याचे नाव आमच्या मुलांना ठाऊक नसावे?

पुढे खोकल्याचा काढा, आणि त्याखाली 'पडोसी' चित्रपटाची गाणी! व्ही. शांतारामांनी प्रभातसाठी १९४१ मध्ये काढलेला हा हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांचा चित्रपट. त्यात मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि ठाकूर झाले मजहर खान. संगीत मास्टर कृष्णरावांचे. कृष्णराव भास्करबुवा बखल्यांचे शागीर्द, आणि बखल्यांनी तालीम घेतली ती नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्यासारख्या उस्तादांकडून. एका सिनेमाच्या गाण्यामागे एवढी मोठी परंपरा उभी आहे. तिच्यातले 'त्यांचे' कोणते आणि 'आमचे' कोणते, हे कोणी निवडून दाखवावे.

आमचा उत्साह पाहून वकीलसाहेब हसले. म्हणाले, "अरे, याच जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांनी हिंदुस्थानीतही पदे रचली. पैठणच्या नाथमहाराजांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. तुम्ही दादांच्या वहीचं नवल काय करता?" आम्ही निरुत्तर झालो. आपल्याच मातीतले हे धन आम्हाला दुसऱ्याने दाखवावे लागले, याची शरमही वाटली.

लिपी गेली की वारसा एका दिवसात जात नाही, तो हळूहळू मुका होतो. मुक्या वारशाच्या बाजूने बोलायलाही मग कोणी उरत नाही. २००२ साली अहमदाबादेत वली दकनीची मजार पाडली गेली आणि तिच्यावरून डांबरी रस्ता झाला. उर्दू गझलेचा तो आद्य कवी, दखनचा म्हणवणारा. त्या वेळी आपल्यापैकी कितीजणांना वली ठाऊक होता? मजार पाडणाऱ्यांचा गुन्हा मोठाच, पण आपले विस्मरण काही लहान नाही.

रोज असरच्या नमाजनंतर वकीलसाहेब वाचत आणि आम्ही देवनागरीत उतरवून घेत असू. निम्मी वही झाली आणि वकीलसाहेब गेले. उरलेली निम्मी अजून तशीच आहे. कुणाकुणाच्या घरी अशा वह्या असतील. त्या रद्दीत घालू नका. वाचता येणारे म्हातारे माणूस गल्लीत असेल तर, मग ते कोणत्याही धर्माचे असो, त्याच्यापुढे वही आणि पेन घेऊन बसा. आम्हीही अशाच एकाच्या शोधात आहोत.