रायगड जिल्ह्यातील झिओलाइट खनिजे

रायगड जिल्ह्यातील झिओलाइट खनिजे ही दख्खनच्या बेसाल्ट खडकातील (काळ्या पाषाणातील) पोकळ्यांमध्ये तयार झालेली जलयुक्त सिलिकेट खनिजे होत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या उरल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्यातील विरघळलेली द्रव्ये त्यांच्या भिंतींवर साचली. पोकळीत वाढीस मोकळी जागा मिळाल्यामुळेच या खनिजांचे स्फटिक सुडौल असतात.

संरचना

झिओलाइटांमध्ये सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांची सच्छिद्र त्रिमितीय जाळी असते. तिच्या पोकळ्यांत पाणी आणि कॅल्शियम, सोडियम यांसारखे धातू असतात. तापवल्यास पाणी निघून जाते. स्टिल्बाइट तापवताना तो उकळल्यासारखा फसफसतो, हे पाहून स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये ग्रीकमधून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव दिले.

स्फटिकांचे आकार

स्टिल्बाइटचे स्फटिक मधोमध बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे दिसतात; ह्यूलँडाइटचे शवपेटीच्या आकाराचे, तर स्कोलेसाइटचे एका बिंदूपासून पसरणाऱ्या सुयांसारखे असतात. ही तिन्ही खनिजे एकनत स्फटिक प्रणालीत मोडतात. चॅबाझाइट घनासारखा भासतो, पण त्याचे कोन काटकोन नसतात.

यांच्याच सोबत आढळणाऱ्या ॲपोफायलाइटला बाजारात सर्रास झिओलाइट म्हटले जाते. ते चूक आहे. त्यात ॲल्युमिनियमची जाळी नसून सिलिकेटचे थर असतात. त्याचे चतुष्कोणी प्रणालीतील चौकोनी स्तंभ व टोकाचा मनोरा यांवरून तो ओळखता येतो. त्याचे काठिन्य ४.५ ते ५, तर स्टिल्बाइटचे ३.५ ते ४ असते.

वितरण

सुखेसवाला व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातील दख्खन बेसाल्टचे खनिजांनुसार तीन पट्टे मांडले: लोमोंटाइट, स्कोलेसाइट व ह्यूलँडाइट. यांपैकी लोमोंटाइटचा पट्टा किनाऱ्यालगतचा आहे. लोमोंटाइट तुलनेने अधिक तापमानात तयार होतो. मात्र कोरड्या हवेत पाणी गमावून तो पांढरा पडतो आणि भुगा होतो. त्यामुळे संग्राहकांना तो नकोसा वाटतो, जरी भूवैज्ञानिकदृष्ट्या किनाऱ्याची ओळख त्याच्यावरूनच पटते.

संकलन

१८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाच्या खोदकामात अनेक उत्तम नमुने मिळाले. जुन्या संग्रहांतील पुष्कळ नमुन्यांवर केवळ ‘पूना’ एवढीच नोंद असल्याने त्यांचे नेमके उगमस्थान आज सांगता येत नाही.