सोन्याच्या करंडकातील खापऱ्या

मित्रहो, आपल्या आचोळ्याहून रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेस गेले की सोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ लागतो. लोक ज्याला कोट म्हणत, ते टेकाड म्हणजे बौद्ध स्तूप आहे, हे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणून दाखविले.

स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक होता व त्याच्याभोवती ब्राँझच्या ८ मूर्ती होत्या. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा करंडक. सोन्याच्या आत काय असावे? हिरा नव्हे, मोती नव्हे. मातीच्या भांड्याच्या १३ बारीक खापऱ्या! त्या भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राच्या म्हणून पुजल्या असाव्यात, असा पंडितजींचा कयास. त्याच ठेव्यात यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. खापऱ्यांनी श्रद्धा सांगितली. काळाचा धागा नाण्याने दिला.

तोलून किंमत करणाराने सोने ठेवून खापऱ्या फेकल्या असत्या. आपण घरोघरी नेमके तेच करीत असतो.

मी पदवीधर नाही; घरचेच उदाहरण देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वडील संपात होते, मी शाळकरी पोर. घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली. तराजू बोलेल तीच किंमत! उरले एक पितळी फुलपात्र. वजनाला हलके, म्हणून वाचले. पुढे ते आमच्याबरोबर आचोळ्यास आले.

पुष्कळ वर्षांनी ते चिंचेने घासताना काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेले आजीचे नाव दिसले. आत्याला विचारले, “आत्या, हे आजीला कोणी दिले?”

ती म्हणाली, “दिले कोणी नाही रे! आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. आपल्या पगारातून घेतले, म्हणून आपले नाव घातले.”

मित्रहो, मी खाली मान घातली. गेटसभांतून कामगारांचा इतिहास सांगण्यात माझी उमर गेली. आणि माझी आजी गिरणी कामगार होती, हे मला ठाऊक नव्हते! घरात बोलणे निघे ते आजोबांच्या नोकरीचे. आजीच्या कमाईची लेखी खूण एवढीच, आणि तीही मोडीत जायची राहिली होती.

सोपाऱ्याचा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने सांभाळला. आपल्या घरचा कोण सांभाळणार? तेव्हा भांडे मोडीत घालण्यापूर्वी त्याचा काठ वाचा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा, आणि कोरलेले काय व ऐकीव काय, हे वेगवेगळे लिहून ठेवा. भांडे एखादे वेळी परत मिळेल; सांगणारे माणूस मिळणार नाही.