घाटाखालची वाट: सातारा-सांगलीकरांच्या हिवाळी कोकणप्रवासाचा पूर्वेतिहास

डिसेंबर-जानेवारीत सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कुटुंबे मोटारीने कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरतात आणि गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे असा किनारा धरून दोन-तीन मुक्काम करतात, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही पूर्वेतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या प्रवासाचा ऋतू, त्याचे घाट आणि त्यातील बरेचसे मुक्काम व्यापाराने आणि कुलाचाराने मोटारी येण्याच्या कितीतरी आधी ठरवून ठेवले होते.

ऋतू ठरवला तो सह्याद्रीने आणि समुद्राने मिळून. पावसाळ्यात खवळलेल्या दर्यात गलबते जात नसत आणि निसरड्या घाटवाटांवर लादलेली जनावरे चालत नसत. नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला होई, दसऱ्यानंतर वाटा सुकत आणि मग लमाण-वंजाऱ्यांचे तांडे, म्हणजे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे काफिले, देशावरचे धान्य, गूळ, मिरची घेऊन खाली उतरत आणि मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी घेऊन वर चढत. कऱ्हाडच्या बाजारपेठेला चिपळूण हे जवळचे बंदर होते, मात्र ते समुद्रावर नसून वाशिष्ठी नदीच्या काठी, खाडीच्या आत वसलेले असल्यामुळे माल भरतीच्या पाण्यावर होड्यांतून गोवळकोटपर्यंत आणावा लागे. खाडीच्या मुखाशी असलेले दाभोळ बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात फार संपन्न होते, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदा याने 1508च्या डिसेंबरात, म्हणजे नेमक्या याच हंगामात, ते लुटून जाळले. घाटमाथा हाती असणे म्हणजे या वाहतुकीवर नजर असणे. 1656मध्ये शिवाजी महाराजांनी पार घाटावर प्रतापगड बांधवून घेतला, त्यामागे हाही विचार होता.

घाटाने देश आणि कोकण एकमेकांत किती गुंतवले होते, हे ब्रह्मेंद्रस्वामींच्या चरित्रात फार जवळून दिसते. चिपळूणजवळच्या डोंगरावरील परशुराम हे त्यांचे क्षेत्र. गोवळकोटच्या सिद्दी सातासाठी कर्नाटकातून आणवलेला एक हत्ती घाटाच्या वाटेवर आंग्र्यांच्या माणसांनी अडवून नेला, त्याचा दोष सिद्दीने स्वामींवर ठेवला आणि 1727मध्ये शिवरात्रीच्या सुमारास परशुरामाचे देवस्थान लुटून उद्ध्वस्त केले. स्वामींनी कोकण सोडले आणि घाट चढून साताऱ्याजवळ धावडशीला वास्तव्य केले. छत्रपती शाहू आणि बाजीराव पेशवे यांचे गुरुस्थान त्यांना मिळाले आणि 1745मध्ये धावडशीतच त्यांचा देह पडला. सिद्दी सात 1736मध्ये चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत मारला गेला. घाटातल्या एका हत्तीची ठिणगी साताऱ्याच्या दरबारापर्यंत पोचावी, इतके हे अंतर राजकारणात जवळचे होते.

पेशवाईत कोकणातली अनेक घराणी अशीच वर आली. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना शाहू महाराजांनी 1713मध्ये पेशवेपद दिले. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हरभट पटवर्धन इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय झाले आणि त्यांच्या वंशजांनी मिरज व सांगली ही संस्थाने उभारली. सांगलीचे कृष्णाकाठचे गणपती मंदिर चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांचे. कोकणातून आलेल्या घराण्याने आपली गणेशभक्ती येथे दगडात उभी केली. पण नव्या गावी देऊळ बांधले तरी अशा अनेक घराण्यांचे कुलदैवत, म्हणजे घराण्याने पिढ्यानपिढ्या पूजलेला मूळ देव, गुहागरचा व्याडेश्वर किंवा वेळणेश्वरच राहिला. लग्नानंतर नव्या सुनेला त्याच्या पायावर घालणे, मुलाच्या मुंजीनंतर देवाला अभिषेक करणे ही कर्तव्ये मानली जात, आणि घाट मोकळे असतील तेव्हाच ती पार पडत. आजच्या कौटुंबिक सहलीचे सर्वांत जुने रूप शोधायचे तर ते येथेच सापडते, असे मानणे योग्य होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी घाटांत गाडीरस्ते केले. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाला मुंबईचे गव्हर्नर फिट्झगेराल्ड (1867 ते 1872) यांचे नाव मिळाले. मात्र 1880च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग झाला, तसा देशावरचा माल रेल्वेने थेट मुंबईला जाऊ लागला आणि चिपळूणच्या बंदराचा कणा मोडला. माल गेला, तरी माणसांची ये-जा टिकली, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर एस. टी.च्या गाडीने तिला नवे बळ दिले. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली खोऱ्यातली गावे गेली, त्यांच्याबरोबर वासोटा किल्ल्याकडील जुन्या वाटांचे पायथेही बुडाले. आता साताऱ्याकडून त्या गडाकडे सहसा बामणोलीहून नावेने जावे लागते.

घाट सुटला तरी किनारा सहज हाती येत नव्हता, कारण दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते आणि रस्ता तिला वळसा घालत आत शिरतो. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचा पाठपुरावा बॅ. अ. र. अंतुले यांनी 1980 नंतर केला, तरी सर्व खाड्यांवर पूल अजून झालेले नाहीत. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये 2003 पासून मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते, त्यामुळे चिपळूणचा वळसा वाचला आणि दापोली-गुहागर हे पट्टे एका सहलीत बसू लागले. हेदवीला काळ्या खडकात बामणघळ नावाची अरुंद भेग आहे. भरतीची लाट तिच्यात घुसली की कोंडलेले पाणी उंच उसळते. पूर्वीचा यात्रेकरू दशभुज गणेशाचे दर्शन घेऊन परत फिरे, आजचे कुटुंब भरतीची वेळ विचारून तेथे थांबते. क्रम मात्र बहुतेक घरांत अजून जुनाच आहे: गाडी वेळणेश्वरला पोचली की आधी अभिषेक होतो, गुरुजींकडे किंवा शेजारच्या घरगुती खानावळीत जेवण होते, आणि समुद्राकडे पावले वळतात ती त्यानंतर.