उचललेल्या गाडीचा लिलावापर्यंतचा प्रवास

रस्त्यावरून उचलून नेलेली मोटार थेट लिलावात निघते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि लिलावापूर्वी मालकाला आपला हक्क सांगण्याची संधी मिळते. ही संधी हुकण्याचे कारण मात्र अनेकदा अगदी साधे असते: नोंदणी पुस्तकातील जुना पत्ता.

उचलण्याचा अधिकार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार, सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ सोडून दिलेले किंवा मनाईच्या जागी उभे केलेले वाहन हलविण्याचा अथवा त्याला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातील पोलिस अधिकारी देऊ शकतो. मोडके, जळालेले वा सुटे भाग काढून नेलेले वाहन वाहतुकीस धोकादायक ठरत असल्यास ते तत्काळ हलविता येते. ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो. दंड त्याहून वेगळा. नुसत्या नो पार्किंगमधून उचललेली गाडी कागदपत्रे दाखवून व ही रक्कम भरून सोडविता येते.

मालकाचा शोध

गाडी न्यायला कोणी आलेच नाही, तर ती बेवारस ठरण्याच्या वाटेला लागते. पंचनाम्यात तिची अवस्था व आतील वस्तू नोंदविल्या जातात. क्रमांकाची पाटी बनावट असू शकते. म्हणून चॅसी व इंजिन क्रमांकांना अधिक महत्त्व. त्यांवरून आरटीओच्या नोंदीतील मालक सापडतो. गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' प्रणालीवर ताडून पाहता येते.

मालकाला धाडलेली नोटीस नोंदणीतील पत्त्यावरच जाते. पत्ता बदलल्यास तीस दिवसांत आरटीओला कळविण्याचे बंधन कलम ४९ मध्ये आहे, ते याचसाठी महत्त्वाचे. विकलेली गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली नसेल, तर नोटीस जुन्याच मालकाच्या दारी येते.

न्यायालयाची पायरी

पोलिसांनी जप्त केलेल्या गाडीची माहिती दंडाधिकाऱ्यांना दिली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ नुसार, मालक अज्ञात असल्यास दंडाधिकारी जाहीरनामा काढून सहा महिन्यांत हक्क सिद्ध करण्यास सांगू शकतात. मुदतीत कोणीही हक्क सिद्ध न केल्यास कलम ५०४ अन्वये विक्रीचा मार्ग खुला होतो.

पोलिस ठाण्यांच्या आवारात गाड्या वर्षानुवर्षे गंजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच बजावले होते. योग्य हमी घेऊन गाडी परत द्यावी. कोणी हक्क न सांगितल्यास विमा कंपनीला कळवावे आणि तिनेही ताबा न घेतल्यास गाडी विकावी, असा त्या निकालाचा आशय आहे.

लिलावानंतर

सरकारी लिलावात गाडी घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत नमुना ३२ मध्ये आरटीओकडे अर्ज करून ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. त्यानंतर जुन्या मालकासाठी वाट जवळजवळ बंद होते. म्हणून गाडी दीर्घकाळ उभी ठेवून परगावी जाण्यापूर्वी नोंदणीतील पत्ता व मोबाइल क्रमांक एकदा तपासून घ्यावा.