बंदिस्त सापाची ऊब : भीमाकाठ आणि महाराष्ट्र

पंढरपूर ज्या भीमेच्या काठी वसले आहे त्या प्रदेशात वैशाखातली दुपार चाळीस अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि पौषातल्या पहाटे चांगलीच थंडी पडते, तरीही येथील नाग, धामण, घोणस आणि मण्यार पिढ्यान्‌पिढ्या या दोन्ही टोकांशी जुळवून घेत आले आहेत. सापाचे शरीर स्वतःला पुरेल इतकी उष्णता निर्माण करीत नाही, ती त्याला ऊन, तापलेला दगड किंवा जमिनीतली ऊब यांतून घ्यावी लागते. म्हणूनच त्याला शीतरक्ताचा प्राणी म्हणण्याची रूढी पडली, जरी उन्हात पडलेल्या सापाचे रक्त थंड नसतेच. पंढरपुरात चंद्रभागा म्हटल्या जाणाऱ्या भीमेच्या घाटांचे दगड, जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतली बिळे आणि काळ्या रानात उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगा यांमुळे त्याला हवी तेव्हा ऊब आणि हवा तेव्हा गारवा गाठता येतो. माणसाने सापाला कोंडले तेव्हा त्याच्याकडून सर्वांत आधी हिरावली गेली ती ही निवड, आणि बंदिस्त सापाला उष्णता कशी पुरवावी या प्रश्नाचा इतिहास म्हणजे ती निवड त्याला थोडीफार परत देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

महाराष्ट्रात साप बाळगण्याची सर्वांत जुनी परिचित रीत गारुड्यांची होय. सोळाव्या शतकातील संत एकनाथांच्या भारुडांत गारुडी येतो, आणि भारुड हा वारकरी परंपरेतला जिवंत प्रकार असल्यामुळे पंढरीच्या वाटेवरच्या श्रोत्यांना ही व्यक्तिरेखा सांगून कळवावी लागत नसे. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीतही गारुडी आणि सापगारुडी यांची नोंद आहे. त्यांचा नाग वेताच्या वा बांबूच्या चपट्या टोपलीत वेटोळे करून राही. टोपलीत अंधार आणि आडोसा मिळतो, परंतु तिच्या आत एकच तापमान असते : कार्तिकी यात्रेच्या सुमारास ते सापाला मंद करणारे आणि चैत्राच्या उन्हात जीवघेणे. थंड पडलेल्या सापाला भक्ष्य पचवता येत नाही, गिळलेले तो ओकून टाकतो आणि त्याच्या श्वसनमार्गाला जंतुसंसर्ग सहज जडतो. दात काढलेल्या आणि बळजबरीने दूध पाजलेल्या नागांच्या हालांत या थंडीचाही वाटा असे, पण तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नसे.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची रीत याहून वेगळी होती. तेथे नागपंचमीपूर्वी पकडलेले नाग मातीच्या मडक्यांत, तोंडाला फडके बांधून ठेवले जात. मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून ओल झिरपून तिची वाफ होते आणि आतली हवा गार राहते, म्हणून उष्म्यापुरते हे पात्र टोपलीपेक्षा निश्चितच बरे होते. तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या, 1978 मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेने विष काढण्यासाठी पकडलेले साप मडक्यांतच ठेवले, आणि काही आठवड्यांनी ते पुन्हा रानात सोडण्याचा दंडक पाळला. साप पकडून मडक्यात राखण्याच्या ज्या कौशल्याला अडाणीपणाचे समजले गेले, त्याला संस्थेत मिळालेले हे स्थान मोलाचे आहे.

युरोपातल्या अडचणीचे स्वरूप उलटे होते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये जगातले पहिले सर्पगृह उघडले. पण तेथील हिवाळ्यात उष्ण प्रदेशातला साप जगवायचा तर कृत्रिम उष्णतेला पर्याय नव्हता. 1927 मध्ये जोन प्रॉक्टर या सरीसृपतज्ज्ञ बाईंनी तेथे जे नवे सर्पगृह उभे केले, त्यात विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी ऊब देण्याची सोय होती, आणि या विषयातली खरी उडी हीच म्हणावी लागेल, कारण सापासाठी एका तापमानाऐवजी तापमानांचा उतार लागतो हे तत्त्व तेथे बांधकामात उतरले. भारतीय अजगराने तर शास्त्रज्ञांना आणखी एक धडा दिला. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी गरम लागते, असे लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने 1832 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सांगितले तेव्हा त्यावर विश्वास ठेवला गेला नाही; 1841 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हालाँसियेन यांनी पॅरिसमध्ये तापमान मोजून दाखवले, आणि 1966 मध्ये अमेरिकी संशोधकांनी स्नायूंच्या आकुंचनातून ही उष्णता येते हे सिद्ध केले.

महाराष्ट्रात शास्त्रीय पायावर साप राखण्याचे काम परळच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे 1899 मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या प्रयोगशाळेच्या वारसदार संस्थेत, सर्पविषावरील प्रतिविषाच्या निमित्ताने वाढले. सामान्य माणसाच्या मनातली भीती मात्र नीलिमकुमार खैरे यांच्यासारख्यांनी कमी केली. 1980 मध्ये ते पुण्यात 72 सापांसोबत 72 तास राहिले आणि 1986 मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. त्याआधीच 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला साप खासगी हौसेसाठी पकडण्याचा मार्ग बंद करण्यास सुरुवात केली होती, आणि आज पंढरपुरात कोणालाही नाग वा धामण घरी पाळता येत नाही. ठरावीक परदेशी जातींबाबत 2024 च्या नियमांनी नोंदणी बंधनकारक केली आहे. घरगुती पेटीला ऊब देण्याचा प्रश्न कायद्याच्या चौकटीत उरतो तो याच मोजक्या, नोंदणी झालेल्या परदेशी सापांपुरता.

अशा पेटीच्या एका टोकाला साधारण तिसरा हिस्सा व्यापणारी तापपट्टी पेटीच्या तळाखाली लावतात आणि दुसरे टोक थंड सोडतात. आफ्रिकी बॉल पायथनसाठी उबदार बाजू सुमारे 31 ते 33 अंश आणि थंड बाजू 24 ते 27 अंश ठेवण्याचा प्रघात आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक अंशावर वीज तोडणारे उपकरण, हा त्यातला अत्यावश्यक भाग. तापलेल्या पृष्ठभागावर साप पोट भाजेपर्यंत पडून राहतो, म्हणून बाजारात मिळणारे विजेचे ‘तापते दगड’ आणि साप ज्याला विळखा घालू शकेल असा उघडा दिवा हे धोक्याचेच मानले पाहिजेत. ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षे भोगली आहेत, तेव्हा वीज गेल्यावर काय, हा विचारही आधीच केलेला बरा.

सर्पमित्रांच्या कामात या ज्ञानाचा उपयोग वेगळ्या जागी होतो. पाया खणताना किंवा बांध फोडताना सापडलेली नागाची अंडी वन विभागाला कळवून ओलसर कोकोपीट भरलेल्या डब्यात ठेवली जातात, ती उलटी होऊ नयेत म्हणून वरची बाजू पेन्सिलीने खूण करून जपली जाते, आणि सुमारे दोन महिने 28 ते 30 अंशांच्या जवळपास तापमान राखावे लागते. ही अंडी बहुधा उन्हाळ्यातच हाती येतात, त्यामुळे पंढरपूरच्या वैशाखात हीटरचे काहीच काम नसते. डबा पत्र्याच्या छपराखालून हलवून जाड भिंतीच्या खोलीत, माठाच्या गारव्याला ठेवावा लागतो.