कांचेंतील समुद्र

उमरेडसारख्या कोळशाच्या गांवीं राहणाऱ्या आम्हांस समुद्र ही बव्हंशीं ऐकीव वस्तु. तो कांचेच्या पेटींत भरण्याची विद्याही फारशी जुनी नाहीं. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथांनीं तो छंद घरोघर नेला. परिणाम विपरीत झाला. हौशी लोकांनीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांतील डबकीं लुटून ओसाड केलीं, असें त्याच्याच पुत्रानें १९०७ सालीं खेदानें नमूद केलें.

प्रवाळाची गोष्ट तर अधिकच नाजूक. तो दगड नव्हे, सूक्ष्म जीवांची वसाहत होय. त्यांच्या देहांत राहणारें शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांस पोसतें. पाणी फार तापलें कीं हें सख्य तुटतें आणि प्रवाळ पांढरा पडतो. २००१ सालीं भारतानें त्यास कायद्यानें वाघाच्या पंक्तीस बसविलें, तें उचितच झालें.

मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें व समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसही सागरी मासे पाहण्याची सोय झाली. कौतुकास असा एकच सामायिक हौद पुरे, असें आम्हांस वाटतें. एक पेटी हजारों डोळ्यांस पुरते. घरोघरच्या पेट्यांस मात्र समुद्रही पुरणार नाहीं.